कळा येताना उपाशी का ठेवायचं?

‘कळा सुरू झाल्या की पाण्याचा थेंबही नको’ असं बाळंतपणावरच्या एका लेखात सरसकट लिहिलंय, ते पटलं नाही. या नियमाचं मूळ १९४६ मधलं. न्यूयॉर्कच्या डॉ. कर्टिस मेंडेल्सन यांनी ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासल्या. भूल दिल्यावर पोटातलं फुफ्फुसात गेल्याच्या ६६ केसेस निघाल्या, त्यात मृत्यू २. पण तेव्हा तोंडावर मास्क धरून इथर हुंगवून पूर्ण भूल द्यायचे! आता सिझेरियनलाही बहुतेकदा पाठीतच इंजेक्शन देतात, बाई शुद्धीवर असते, त्यामुळे तो धोका खूपच कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही जोखीम कमी असलेल्या बाईला कळांमध्ये खाऊपिऊ द्यावं असं आहे.

आमच्या वहिनीला रात्रभर नुसत्या सलाईनवर ठेवलं. ओठांना पापुद्रे आले, आईने आणलेली मऊ पेज थर्मासमध्येच राहिली. जोर काढायच्या वेळी अंगात त्राण नाही, आणि वर नर्सबाईंची बोलणी, ‘जोर लाव की गं!’ कशाच्या जिवावर लावणार?

सिझेरियन ठरलेलं असेल, बीपी किंवा दुसरी गुंतागुंत असेल तर डॉक्टर सांगतील तेच करायचं, वाद नाही. आणि हो, बाळ पटकन घसरावं म्हणून वाटीभर तूप पाजणाऱ्या आज्यांनाही कुणीतरी आवरा. नुसती मळमळ वाढते त्याने.