‘उपच्छाया’ हा शब्द मी मागे का घेत नाही

सर, नमस्कार. माझ्या लेखावरच्या तुमच्या आक्षेपांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण तुमचं एक म्हणणं तपासून बघायचं होतं आणि तपासल्यावर तुमचंच बरोबर निघालं, म्हणून तिथूनच सुरवात करतो.

मी लिहिलं होतं की 7 सप्टेंबर 2025 ला रात्री 8:58 ला चंद्र उपच्छायेत, म्हणजे पृथ्वीच्या सावलीच्या बाहेरच्या फिकट भागात शिरला आणि अंधारायला लागला. तुम्ही म्हणालात, उपच्छायेत शिरला म्हणून चंद्र लगेच अंधारत नाही, हे बघून लिहिलेलं वाक्य नाही. होय, चूक आहे. त्या रात्री मी बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या गच्चीवर होतो, ढग येत-जात होते, मोबाईलवर वेळ बघून मान वर केली तर 8:58 ला काहीसुद्धा फरक नव्हता, नेहमीचा पौर्णिमेचा चंद्र. साडेनऊच्या पुढं कुठं खालची कड धुरकट वाटायला लागली, कंदिलाच्या काचेला काजळी धरायला लागते ना तशी. खरी सावली म्हणजे प्रच्छाया लागली 9:57 ला आणि 11:01 ला खग्रास. लिहिताना मी डोळ्यांपेक्षा वेळेच्या तक्त्यावर विश्वास ठेवला. लेखातलं ते वाक्य बदललंय.

पण तुमचा दुसरा आक्षेप, की “सीमाभागातली आम्ही माणसं उपच्छायेत राहतो” हे वाक्यच मुळात चुकीचं, हा मोजमापाचा शब्द आहे, तो माणसांना लावू नये, त्यासाठी सावट आहे, संधिप्रकाश आहे, ते मला नाही पटत.

आधी शब्द म्हणजे काय ते बघू. तुम्ही फिजिक्स शिकवलंय, तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाकीचे पण वाचतायत. आमच्या समोरच्या दुमजली घराच्या गच्चीचा कट्टा आहे, दुपारी त्याची सावली रस्त्यावर पडते. लांबून बघितलं तर सरळ रेघ वाटते, पण उकिडवं बसून बघितलं तर रेघ नसतेच, काळं हळूहळू फिकट होत उन्हात मिसळतं, मी बोटं ठेवून बघितली तर तो पट्टा चार-पाच बोटांचा भरला. आता त्या पट्ट्यात एखादी मुंगी चालली असेल आणि तिनं वर बघितलं तर तिला कट्ट्याच्या मागनं डोकावणारा सूर्य दिसणार, थोडा झाकलेला, थोडा उघडा. एक बोट इकडं सरकली तर जास्त दिसेल, तिकडं गेली तर कमी. म्हणजे उपच्छाया हे काळोख आणि उजेडाचं मिश्रण नाही, उजेड देणाऱ्याचा एक भाग मध्ये काहीतरी आल्यामुळं तुम्हाला दिसत नाही अशी ती जागा आहे. आणि ती होते का, तर सूर्य ठिपका नाही म्हणून, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा रुंद आहे. ठिपक्याएवढा असता तर सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी आली असती.

मला जे म्हणायचं होतं ते इथंच आहे सर. भाषा पण ठिपका नसते. घरातली असते, बाजारातली, देवळातली, शाळेतली, कोर्टकचेरीतली, लग्नपत्रिकेतली, एवढी रुंद असते. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांमधली रेघ आखली गेली ती भाषा ठिपका असल्यासारखी, की इकडं ही आणि तिकडं ती. 2004 पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा आहे, 865 गावांची मागणी आहे, निकाल कसाही लागो आणि रेघ चार मैल इकडं नाहीतर तिकडं जावो, कड पुसटच राहणार आणि त्या पुसट पट्ट्यात कुणीतरी राहणारच, आज आम्ही, उद्या कदाचित कन्नड बोलणारे. दावा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, माझी सही पण त्यात आहे मनानं, पण पट्टा असतो हे विसरून चालणार नाही.

संधिप्रकाश म्हणूनच चालत नाही. तो वेळेचा आहे, सगळ्या गावाला एकदमच येतो आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप सरतो, आमचं तसं काही आपोआप सरलेलं नाही. सावट म्हटलं तर संकट आलं, दुष्काळाचं सावट, साथीचं सावट. आमच्याकडं रोज उठून संकट नाही ओ, रोज उठून दूध आणायचं आणि पोरांना शाळेत सोडायचं असतं.

आणि शास्त्राचा शब्द माणसांना लावू नये म्हणता, तर वेध शब्दाचं काय करायचं? ग्रहणाचे वेध लागतात, आणि ऑगस्ट उजाडला की बेळगावात सगळ्यांना गणपतीचेच वेध लागतात, त्यात कुणाला काही खटकत नाही. संक्रांत म्हणजे सूर्यानं रास बदलणं, आपण नोकरीवर संक्रांत आली म्हणतो. युती आकाशातली, इलेक्शनमधली पण. बरं, शास्त्रज्ञांनी तरी शब्द जपून ठेवलाय का, सूर्यावरच्या डागाभोवतीच्या फिकट पट्ट्याला पण इंग्रजीत पेनम्ब्राच म्हणतात, म्हणजे उपच्छायेचाच इंग्रजी शब्द. तिथं सावली कसली, ती सूर्याचीच जरा कमी तापलेली जागा आहे, डागाचा मधला भाग साधारण 4000 केल्विन आणि बाहेरचा पृष्ठभाग 5800 च्या आसपास. मग नुसतं दिसायला तसं म्हणून त्यांना शब्द चालतो तर मी निदान त्याचा आतला अर्थ धरून वापरलाय. शब्द सैल वापरला असता तर तुमचं ऐकलं असतं.

एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलीत ती मला लागली, की यातनं कन्नड म्हणजे काळोख असा अर्थ निघतो. लेखात मी ते नीट स्पष्ट करायला पाहिजे होतं. माझी थोरली काकू गोकाककडची, तिची कन्नड ओवी ऐकत मी झोपलोय. मध्ये येतो तो कट्टा, पलीकडचं घर नव्हे. आणि त्या घरात राहणाऱ्याला आपल्या दारातनं त्याच्या भाषेचा सूर्य पूर्ण दिसतो, ते त्याचं भाग्य, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुम्ही लिहिलंत की 16 फेब्रुवारी 1980 ला तुम्ही हुबळीत होता आणि खग्रास सूर्यग्रहण बघितलंत. आमचे बाबा त्या दिवशी इथंच होते. खग्रासाचा पट्टा अंकोल्यावरनं हुबळी, रायचूरकडं गेला, बेळगाव त्याच्या बाहेर राहिलं, जेमतेम शंभर किलोमीटरचं अंतर पण आम्ही उपच्छायेत. गल्लीत सगळी दारं बंद, बायका पोरांना आत ओढत होत्या, बाबा एकटेच मागच्या चिंचेखाली गेले. ते सांगायचे, रात्र झालीच नाही, ऊन तेवढं पातळ झालं पाणी घातलेल्या ताकासारखं, आणि चिंचेखाली जमिनीवर जिथं एरवी उन्हाचे गोल कवडसे पडतात तिथं चंद्रकोरीसारख्या शेकडो कोरी पडल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. तुम्हाला दिवसा तारे दिसले, त्यांना त्या कोरी दिसल्या. तुमच्या जागेवरनं त्या मिनिटांत कोरी दिसल्या नसत्या.

गेल्या आठवड्यात लाईट बिल आलं. आई भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी फाडफाड कन्नड बोलते पण अक्षर वाचता येत नाही, मग ती बिल घेऊन माझ्या मुलीकडं गेली. मुलीनं वाचून दाखवलं, युनिट किती, तारीख काय. मग मुलीनं आजीच्या हातातला मराठी पेपर ओढला, तिला मराठी बोलता येतं पण जोडाक्षराशी अडते, ‘प्रच्छाया’ तिला ‘परछाया’ दिसतं, मग आजीनं चष्मा वर करून मथळा वाचून दाखवला. एकाच टेबलावर दोघी, एकीला दिसतो तो भाग दुसरीला नाही. या दोघींना संधिप्रकाशात बसवायला माझं मन तयार होत नाही सर.

निपाणीला पुढच्या महिन्यात येणं आहे, हुबळीतल्या त्या दिवसाबद्दल तुमच्याकडनं सविस्तर ऐकायचंय.