ललितविस्तरातला परमाणू आणि ०.६७ अँगस्ट्रॉम

गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात सात परमाणूंचा एक रेणू, सात रेणूंची एक त्रुटी, अशा दहा पायऱ्या चढलं की बोटाचं एक पेर, म्हणजे अंगुल होतं. उलट भागत आलं की परमाणू ०.६७ अँगस्ट्रॉमचा निघतो (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). हायड्रोजनचा अणूही तेवढाच, म्हणजे पूर्वजांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय अणू मोजला होता. वर पुस्ती, की कौटिल्यही हेच सांगतो.

भागाकार बरोबर आहे. सातचा दहावा घात २८,२४,७५,२४९. अंगुल १९ मिलिमीटरचं धरलं तर उत्तर तेच येतं. पण संदेश लिहिणारा थेट तळाशी उतरला, मधल्या पायऱ्यांकडे त्याने बघितलंच नाही.

खालून तिसरी पायरी बघा. ती वातायनरजाची, म्हणजे खिडकीतल्या उन्हात तरंगताना दिसणाऱ्या धुळीच्या कणाची. तो ३४३ परमाणूंचा, म्हणजे या हिशेबाने सुमारे २३ नॅनोमीटरचा (दहा अँगस्ट्रॉमचा एक नॅनोमीटर). दिसणाऱ्या उजेडाची तरंगलांबीच ४०० ते ७०० नॅनोमीटर! आमच्या जुन्या घरांत कौलांमधल्या काचेतून जी तिरीप उतरते, तिच्यात डोळ्यांना दिसणारे कण याच्या कितीतरी पट मोठे असतात. वरच्या टोकालाही तीच गत. वरून दोन पायऱ्या खालची मोहरी अंगुलाचा ४९वा भाग, म्हणजे ०.३९ मिलिमीटर. स्वयंपाकघरातली मोहरी निदान अडीचपट भरेल. जिथे डोळ्यांनी पडताळता येतं तिथेच शिडी चुकते, मग जिथे पडताळता येत नाही तिथे ती अचूक कशी मानायची? शिवाय परमाणूवाद मांडणाऱ्या वैशेषिक दर्शनाच्या मते उन्हातला कण, म्हणजे त्रसरेणू, सहाच परमाणूंचा. एकीकडे सहा, दुसरीकडे ३४३.

कौटिल्याचं नाव तर उगाच ओढलंय. अर्थशास्त्रात आठ-आठच्या पाच पायऱ्या आहेत, म्हणजे एका अंगुलात ३२,७६८ परमाणू. त्याचा परमाणू सुमारे ५,८०० अँगस्ट्रॉमचा पडतो. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर आणखी एक पायरी घालतो, तेव्हा ७२५. हे दोन आकडे संदेशात का नाहीत, ते उघड आहे.

आता हायड्रोजन. अणूला ठरलेली कड नसते. बोरच्या अणुप्रतिकृतीतली त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम, दुसऱ्या अणूशी बंध जुळल्यावरची ०.३१, बंधाशिवाय नुसते शेजारी असताना धरतात ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.२. एवढ्या ऐसपैस पट्ट्यात ०.६७ कुठेतरी बसणारच.

आणि अंगुल तरी कुठे एकच होतं? कौटिल्य आठ यवांच्या (जवाच्या दाण्यांच्या) मध्याइतकं म्हणतो, किंवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाइतकं. पोर्तुगीज पाल्मो, म्हणजे त्यांची वीत, २२ सेंटिमीटरचा ठरलेला होता, म्हणून जुन्या कागदांतली पाल्मोतली मापं आज मीटरात आणता येतात. अंगुलाचं तसं नाही, त्यामुळे त्यावरून काढलेल्या परमाणूला दोन दशांश स्थळं देणं म्हणजे निव्वळ थाट.

रसायनशास्त्रातल्या रेणूचा (मॉलिक्यूलचा) आकार प्रयोगांतल्या आकड्यांवरून अंदाजला लोश्मिट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने, १८६५ साली. १९१३मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. गोव्यातच जन्मलेले गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी हजारो आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी तराजूत घालून त्यांची झीज मोजली आणि त्यावरून इतिहास मांडला. प्राचीन वस्तूंचा असाही अभिमान बाळगता येतो.

रूपांतराची हौसच असेल तर आगरवाड्याचं मीठ घ्या. त्यात शेजारच्या सोडियम आणि क्लोरीनच्या केंद्रांमधलं अंतर २.८२ अँगस्ट्रॉम. १९ मिलिमीटरच्या अंगुलात अशी अंतरं सुमारे पावणेसात कोटी बसतात. हा आकडा खुशाल पुढे पाठवा, फक्त अंगुल किती मिलिमीटरचं धरलं ते सोबत लिहा.