कार्ड नाही म्हणून पत्रकार नाही? हे कोणी ठरवलं भो?

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरणारा तो मेसेज काल मावशीने आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. "सरकारी कार्ड नसलेला पत्रकारच नाही, आंदोलनाचं शूटिंग करायला पोलिसांची परवानगी लागते, आणि पोलिसांनी उचललं म्हणजे त्याने काहीतरी केलंच असणार." खाली तिची स्वतःची ओळ, "भाऊले सांग, आंदोलनमा जाऊ नको." भाऊ म्हणजे तिचाच पोरगा, चोपड्याहून एका पेपरला बातम्या देतो, कापसाच्या भावाचा रास्ता रोको असो की केळीच्या विम्याचा मोर्चा, मोबाईल काढून पुढे हाच. कार्ड अर्थातच नाही.

आता ते कार्ड. अधिस्वीकृती पत्रिका सरकारचं माहिती खातं देतं, एसटीची सवलत वगैरे सोयींसाठी. ते लायसन नाही, तालुक्याच्या बहुतेक पोरांकडे ते नसतंच. मेसेजवाला ऐटीत लिहितो की घटनेत पत्रकारांसाठी वेगळं कलमच नाही. खरंय, नाहीच. अरे पण म्हणूनच तर! कलम १९ बोलायचा-लिहायचा हक्क प्रत्येक नागरिकाला देतं, पेपरचं स्वातंत्र्य त्यातच येतं हे सुप्रीम कोर्ट १९५० पासून सांगतंय, मग हक्क नागरिकाचा असताना मधे कार्ड कुठून घुसलं? साने गुरुजींनी १९३८ ला अमळनेरहून साप्ताहिक काढलं, त्यांना कोणी कार्ड विचारलं असतं का?

"उचललं म्हणजे केलंच असणार" वाचून तर डोकंच फिरलं. मनदीप पुनिया, फ्रीलान्स पत्रकार, ३० जानेवारी २०२१ ला सिंघू बॉर्डरवर शेतकरी आंदोलन कव्हर करताना पकडला, आरोप काय तर पोलिसांशी झटापट. २ फेब्रुवारीला दिल्लीच्या कोर्टाने जामीन दिला आणि ऑर्डरमध्ये नोंदवलं की झटापट संध्याकाळी साडेसहाची, एफआयआर रात्री १ वाजून २१ मिनिटांचा, आणि तक्रारदार, पीडित, साक्षीदार सगळे पोलीसच. आता सांगा, काय केलं होतं त्याने?

परवानगीचं थोडक्यात. रस्त्यावर मोर्चा शूट करायला परवानगी लागते असा कायदा नाही. जमावबंदी असेल तर ती पत्रकारालाही लागू, तेवढं मान्य. बाकी, पोलीस स्टेशनसुद्धा सरकारी गुपितांच्या कायद्यातली (ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट) 'प्रतिबंधित जागा' नाही, तिथलं शूटिंग त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्येच सांगितलंय.

आणि हो, माईक घेऊन ग्रामसेवकाला धमकावून पैसे काढणारे यूट्यूबवाले आपल्याकडे आहेत, नाही म्हणत नाही. त्यांच्यावर खंडणीचा गुन्हा लावा की, कोणी अडवलंय?

भाऊसारख्या पोरांनी एक लक्षात ठेवा. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करता येत नाही, आधी नोटीस, हे सुप्रीम कोर्टाने २०१४ ला अर्नेश कुमार केसमध्ये बजावलंय. तरी नेलंच तर अटकेचं कारण लेखी मागा, घरी कळवायला लावा, आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं नाही तर वकिलाला पहिलं तेच सांगा.