माशाला जीभ असते, आणि त्याच्या ओठांत नसाही असतात

गळाला लागलेला मासा माझा दहा वर्षांचा भाचा दोरीला धरून हिसडत होता. मी ओरडले, "अरे, आधी हातात घे त्याला, हळू सोडव." तो अगदी शांतपणे म्हणाला, "मावशी, माशाला जीभच नसते. तोंडात नसाच नाहीत, मग दुखणार कसं?"

हे त्याला ताईच्या फोनवर आलेल्या मेसेजमधून कळलं होतं. तोच मेसेज त्याच आठवड्यात मला आणखी तिघांनी पाठवला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: माशाला जीभ नसते. म्हणून त्याला चव कळत नाही. तोंडात नसा नसल्यामुळे गळ लागला तरी वेदना होत नाहीत. तो तोंडाची उघडझाप करतो ती पाणी पिण्यासाठी. आणि तोंडात जिभेसारखं काही दिसलंच तर तो विषारी किडा असतो.

जिभेचं आधी उरकते. माशाच्या तोंडात तळाशी हाडाचा किंवा कूर्चेचा उंचवटा असतो, त्यावर कातडी असते. तीच त्याची जीभ. आपल्या जिभेसारखे स्नायू तिच्यात नसतात, त्यामुळे ती बाहेर निघत नाही की घास फिरवत नाही. जिभेबद्दल मेसेजमध्ये खरं असलंच तर एवढंच. पण ती निरुपयोगी नाही. ट्राउटच्या जिभेवर दात असतात. ॲमेझॉन नदीतल्या अरापाइमा माशाची जीभ तर इतकी हाडासारखी कडक आणि दातेरी की तिथले लोक ती वाळवून किसणीसारखी वापरतात. आर्चरफिश जीभ टाळूतल्या खाचेवर दाबून पाण्याची चिळकांडी मारतो आणि पाण्यावरच्या फांदीवरचा किडा पाडतो.

आता नसांचं. मला राग आहे तो याच ओळीचा, कारण ती वाचून एक मुलगा जिवंत प्राण्याला हिसडत होता.

2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउट माशांना भूल देऊन त्यांच्या चेहऱ्यावरचे आणि डोक्यावरचे 58 संवेदनाग्राहक तपासले. त्यांतले 22 इजेची खबर देणारे निघाले. ती खबर मेंदूकडे नेणारी नस ट्रायजेमिनल. आपला दात ठणकतो तेव्हा ती कळ मेंदूपर्यंत पोचवणारी नसही हीच. पुढे त्यांनी काही माशांच्या ओठांत सौम्य ॲसिड टोचलं, काहींच्या मधमाशीचं विष. त्या माशांचे कल्ले भराभर हलू लागले आणि त्यांनी बराच वेळ अन्नाला तोंड लावलं नाही. ॲसिड टोचलेले मासे टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले. नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या माशांनी ओठ घासले नाहीत. आणि ॲसिडबरोबर मॉर्फिन दिलं तेव्हा हे घासणं कमी झालं. नसाच नसत्या तर वेदनाशामकाने काय कमी झालं असतं?

माशाला ती वेदना आपल्यासारखीच जाणवते का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे, हे मला मान्य आहे. पण तो वाद मेंदूत काय घडतं याचा आहे. तोंडात नसा आहेत की नाहीत, हा प्रश्न त्यात नाहीच. शिवाय गळाच्या टोकापाशी मागे वळलेला काटा असतो. दोरी हिसडली की तो नेमका याच नसांच्या जागी मांस फाडतो.

चव कळत नाही म्हणे! मार्जारमाशांच्या मिशांवरच नव्हे, सगळ्या अंगावर चव ओळखणाऱ्या रुचिकलिका असतात. पण इतक्या लांब कशाला जायचं, ताईच्याच घरात टाकीत दोन गोल्डफिश आहेत. भाच्याला त्यांच्यासमोर बसवलं आणि म्हटलं, बघ. मासा तळाशी गेला, तोंड भरून खडे उचलले, दोन-तीन वेळा जबडा हलवला आणि खडे एकेक करून थुंकले. मधे अडकलेला दाण्याचा तुकडा मात्र आत गेला. गोल्डफिशच्या टाळूवर एक मांसल उशी असते, रुचिकलिकांनी भरलेली. ती खाण्याजोगं तेवढं दाबून धरते आणि बाकीचं सोडून देते. घास चिरडणारे दात घशात असतात, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत.

पाणी पिण्याबद्दल: समुद्रातले हाडांचे मासे पाणी पितात, गोड्या पाण्यातले जवळजवळ पीतच नाहीत. ती उघडझाप असते श्वासासाठी. तोंडाचा तळ खाली गेला की पाणी आत येतं, तळ वर आला की ते कल्ल्यांवरून बाहेर पडतं. बरेच मासे भक्ष्यही असंच ओढतात. जिभेचं हाड ज्या सांगाड्याला जोडलेलं असतं तो झटक्यात खाली जातो, तोंडात पोकळी होते आणि पापणी लवायच्या आत पाण्यासकट भक्ष्य आत येतं. निवटी नावाची मासळी चिखलावर येते तेव्हा तोंडात पाणी घेऊनच येते. तेच पाणी ती जिभेसारखं पुढे काढते, त्यात भक्ष्य पकडते आणि परत आत ओढते.

किडा खरा आहे. त्याचं नाव सायमोथोआ एक्सिग्वा. तो कल्ल्यांतून आत शिरतो. मादी जिभेला चिकटून रक्त शोषते, जीभ झडते, आणि मादी तिच्या जागी बसून राहते. 1983 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या स्नॅपर माशात हे नोंदवलं गेलं. पण तो विषारी नाही, जिवंत हातात धरलात तर फार तर चावेल. आणि जीभच नसती तर त्याने खाल्लं काय असतं?

भाचा अजून टाकीसमोर आहे. मघाशी विचारत होता, "मावशी, त्या दिवशीच्या माशाचा ओठ भरून येईल का?"