बिमार नाही, आराम आहे

परवा सकाळी धरमपेठेत तर्री-पोहे खाताना मी रंगेहाथ पकडला गेलो. पकडणारे आमच्याच इमारतीतले काका. हे रोज ट्रॅफिक पार्कात एक फेरी मारतात आणि ती फेरी पचवायला तासभर बाकावर बसतात.

"काऊन भाऊ, आज सायकल नाही? पंचर?"

"नाही काका, आज आराम."

"बिमार आहे का?"

"नाही."

"मंग?"

"आरामच आहे. वेळापत्रकात लिहिलेला असतो."

काकांनी प्लेट खाली ठेवली. "लिहिलेला? आम्ही तीस वर्षं सरकारी नोकरी केली बाप्पा, आराम कधी लिहून नाही ठेवला!"

यावर काय बोलणार? शंभर टक्के खरं होतं.

मी ट्रायथलॉनवाला. दीड किलोमीटर पोहायचं, लगेच ४० किलोमीटर सायकल, तिच्यावरून उतरून १० किलोमीटर धावायचं. २००० सालच्या सिडनीपासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. आमच्या इमारतीत तो अजून पोचायचा आहे. तिथे माझी ओळख 'पहाटे कुत्रे उठवणारे' अशी.

"काका, व्यायामानं स्नायू झिजतात. ते भरून निघतात झोपेत, आरामात. तीन आठवडे चढवत न्यायचं, चौथ्या आठवड्यात उतरवायचं. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजायची. ती चार दिवस चढीच राहिली तर समजायचं की शरीर थकलंय."

"नाडी चढली तर डॉक्टरकडे जा ना. पोहे काऊन खाता? मले बी डॉक्टरनं गुडघ्यासाठी आराम सांगितला होता."

"मग?"

"डॉक्टर बदलला."

मी शेवटचं अस्त्र काढलं. "काका, पोळ्याला तुम्ही बैल जुंपता का? आदल्या दिवशी खांदे शेकता, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी चारता."

"बैल वर्षभर वावर वाहते भाऊ. तुम्ही कोणतं वावर वाहिलं?" मग एकदम आठवल्यासारखं, "बरं, या धावण्याचे पैसे कोण देते?"

"कोणी नाही. उलट स्पर्धेची फी आपणच भरायची."

"म्हणजे पैसे बी तुम्ही देता, घाम बी तुम्हीच गाळता, अन् आता सुट्टी बी तुम्हीच घेता!" पोहेवाल्याचा झारा हवेत थांबला. काकांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली, जशी एखाद्याच्या घरच्या परिस्थितीबद्दल हलवतात तशी.

इथवर मी हसतच होतो. पण काकांनी फोटो काढला. माझा, प्लेटसकट. इमारतीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपले आयर्नमॅन, पोहे खाताना.' दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावरून काढ्याची कृती आली, पाचव्यावरून हाडांच्या डॉक्टरचा नंबर. मी लिहिलं की आयर्नमॅन वेगळा, त्यात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर ४२.२ धावणं असतं, मी तो केलेला नाही. त्यावर उत्तर आलं, 'हिंमत सोडू नका.'

खरं सांगू? राग आला. नागपुरात मार्च सरला की आठ वाजताच ऊन डोक्यावर नाचतं. धावायचं तर सूर्याच्या आधी. सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर सायकल मनगटाला हिसका देते, फुटाळ्याकडे कुत्री पिंडरीचा अंदाज घेत मागे लागतात, पोहण्याची बॅच हुकली की तो दिवस गेला. हे सगळं होतं तेव्हा इमारत घोरत असते. माझी मेहनत अंधारात आणि आराम मात्र भर उजेडात, तोही तर्रीसकट. धावलो तर 'याचं डोकं फिरलं', बसलो तर 'याचं सुटलं'. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे तर विचारूच नका. तेव्हा वेग तोच ठेवून अंतर जवळपास निम्म्यावर आणतात, म्हणजे पाय ताजे राहतात. ऑफिसात याचं भाषांतर होतं 'सध्या मोकळाच आहे', आणि टेबलावर दुसऱ्याच्या फायली येतात.

घरी तरी समजून घेतील म्हणावं, तर पोहे खाऊन पोचतो न पोचतो तोच, "अहो, आज तुमचा आराम आहे ना? मग गच्चीवरचा कूलर उतरवून द्या."

लोखंडी कूलर. चौकीदार आणि मी मिळून चार मजले. जुन्या ताट्या काढल्या, टाकी घासली, नवीन खस भरली, स्टँडवर चढवला. खांदे पार गळाले. आराम न लिहिलेल्या दिवशीसुद्धा ते इतके गळत नाहीत. बटण दाबलं, पंखा फिरला, पण पंप पाणीच ओढेना.

"गोकुळपेठेतून नवा आणा, दुकान बंद व्हायच्या आत."

मी किल्ली घेऊन सायकलकडे वळलो. सात वर्षांची आमची कन्या हात पसरून आडवी उभी.

"बाबा, चालत जा. सायकलचा आज आराम आहे."