फोर्ट बेंड काउंटीविषयी खुलासा

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील फोर्ट बेंड काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) म्हणजे ह्यूस्टन शहराचाच एक प्रभाग असून भारतीय संगणक अभियंत्यांनी ती गेल्या तीस वर्षांत वसवली, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ह्यूस्टनची हद्द काही ठिकाणी या काउंटीत शिरते हे खरे, परंतु काउंटीचा कारभार स्वतंत्र असून तिचे मुख्यालय रिचमंड येथे आहे. ब्राझोस नदीच्या वळणावर 1822 मध्ये वसाहतकारांनी उभारलेल्या लाकडी गढीवरून तिला हे नाव मिळाले आणि टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक असताना, 1837 मध्ये, ती स्थापन झाली.

याच काउंटीतील शुगर लँड शहराचे नाव तिथल्या ऊसमळ्यांवरून पडले आहे. त्या मळ्यांत आधी गुलामांना आणि नंतर भाड्याने दिलेल्या कैद्यांना राबवले गेले. 2018 मध्ये शाळेच्या बांधकामावेळी अशा 95 कृष्णवर्णीय कैद्यांचे अवशेष सापडले. त्यांचे श्रम वगळून या भूमीचे श्रेय इतरांना देणे अन्यायाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

1970 मध्ये सुमारे 52 हजार असलेली लोकसंख्या 2020 मध्ये 8 लाख 22 हजारांवर गेली. या वाढीत भारतीयांचा वाटा निश्चितच मोठा आहे. मात्र आज तेथे गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई यांपैकी कोणाचेही बहुमत नाही.