पाचू समजून खडा काचेवर घासण्याआधी

एकच मजकूर गेल्या काही महिन्यांत मला निदान सहा गटांतून आला. विहीर खणताना किंवा डोंगरात हिरवा, सहा बाजूंचा खडा सापडला तर तो पाचू असू शकतो, घरीच तपासा, अशी त्याची सुरुवात. पुढे युक्त्या: काचेवर घासा, चरा उठला तर खरा. श्वास सोडा, वाफ झटकन उडाली तर खरा. दुधात टाका, दूध हिरवट दिसलं तर खरा. आत रेघ किंवा डाग दिसला तर खोटा. मग सल्ला, की भोवतीचा दगड फोडून खडा मोकळा करा, भाव वाढतो. आणि शेवटी इशारा: पाचू म्हणजे बेरिल, ते अणुखनिजांच्या यादीतलं, म्हणून किरणोत्सर्गी, घरात ठेवू नका.

वीसेक वर्षं मी खनिजांचे नमुने जमवतो आहे. हा मजकूर वाचून माणसं चांगले स्फटिक बिघडवताना पाहिलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी त्या मजकुरासोबत येणारा फोटो. स्टिल्बाइट नावाच्या पांढऱ्या खनिजावर बसलेले हिरवे, झगझगीत स्फटिक त्यात दिसतात. तो पाचू नाही, वेगळंच खनिज, अ‍ॅपोफिलाइट आहे. आपला काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत खनिजं विरघळलेल्या गरम पाण्यातून झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी असे स्फटिक वाढले. पाचू हा बेरिल या खनिजाचाच हिरवा प्रकार. बेरिलला बेरिलियम हे मूलद्रव्य लागतं, आणि ते बेसॉल्टमध्ये नावापुरतं असतं. ग्रॅनाइटचा रस थिजत जाताना सगळ्यांत शेवटी जो उरतो, त्यात ते साठतं. त्यातून पेग्मटाइट या भरड कणांच्या खडकाच्या शिरा होतात आणि बेरिल मिळतं ते बहुधा तिथं. पाचूची अट आणखी अवघड. हिरव्या रंगासाठी क्रोमियम किंवा व्हॅनेडियम हवं, आणि क्रोमियम अगदी वेगळ्या जातीच्या खडकात असतं. राजस्थानात राजसमंद-अजमेर पट्ट्यात कालीगुमान, टिखी, राजगढ इथं हे दोन्ही खडक एकमेकांना भिडले, म्हणून तिथल्या अभ्रकी शिस्टमध्ये, म्हणजे पापुद्र्यांच्या खडकात, पाचू आहे. बेसॉल्टमधल्या विहिरीत त्याची वाट बघू नये.

पण म्हणून विहिरीतला तो हिरवा खडा कमी दर्जाचा ठरत नाही. राहुरीजवळ मोमीन आखाड्याच्या विहिरीत निघालेले हिरवे अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांनी डोक्यावर घेतले. त्याला पाचू म्हणून घासणं म्हणजे मोरपीस शाईत बुडवून लिहायला घेणं.

आता घासण्याबद्दल. बेरिलचा कठीणपणा मोहसच्या 1 ते 10 मापावर 7.5 ते 8, खिडकीच्या काचेचा साधारण 5.5. म्हणजे बेरिलनं काचेवर चरा उठतो हे खरं. पण गारगोटीनंही उठतो, हिरव्या तुरमलीनंही (टूर्मलिन) उठतो, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पाचूनंही तितकाच उठतो, कारण तो रासायनिकदृष्ट्या बेरिलच आहे. चाचणीत पास झालेला खडा पाचू आहे, एवढंही त्यातून कळत नाही. नुकसान मात्र नक्की. कठीण असणं आणि चिवट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा पहिला अ‍ॅक्वामरीन, म्हणजे निळसर बेरिल, बोटाच्या पेराएवढा, मी असाच खिडकीच्या काचेवर दाबून ओढला होता. काचेवर चरा उठला आणि स्फटिकाच्या टोकाची कपची उडाली. नमुन्याची किंमत टोकात असते, आणि ते टोक परत वाढत नाही. अ‍ॅपोफिलाइटचं तर आणखी वाईट होतं, तो पापुद्र्यासारखा सपाट तुटतो.

सहा बाजू म्हणजे बेरिल, हाही अर्धवट नियम. गारगोटी सहा बाजूंची असते, अ‍ॅपटाइटही असतं. फरक बारकाव्यात आहे. बेरिलच्या बाजूंवर रेघा असल्या तर त्या लांबीच्या दिशेनं, उभ्या, गारगोटीच्या आडव्या. बेरिलचं टोक बहुधा सपाट कापल्यासारखं, गारगोटीचं निमुळतं. तुरमलीच्या रेघाही उभ्याच, पण तिचा आडवा छेद बघितला तर फुगीर बाजूंचा त्रिकोण दिसतो. साधं भिंग घ्या आणि उजेडात खडा हळूहळू फिरवा. हे बघणं मला सगळ्यांत आवडतं, आणि त्याला मोठा इतिहासही आहे. पाचू आणि बेरिल ही दोन वेगळी खनिजं मानली जात होती तेव्हा फ्रान्समध्ये स्फटिकांचे अभ्यासक आयुई यांना दोन्हींच्या स्फटिकांचे कोन सारखेच आढळले. त्यांच्या सांगण्यावरून रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी दोन्हींचं रासायनिक पृथक्करण केलं आणि 1798 मध्ये त्यातून एक नवं मूलद्रव्य उजेडात आलं, तेच बेरिलियम. कोणी काही घासलं नव्हतं. आकार नीट पाहिला होता.

आकारानं शंका फिटली नाही तर वजन करा. सुटा स्फटिक आधी कोरडा तोला, मग बारीक दोऱ्यानं साध्या पाण्यात टांगून तोला. कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकानं भागा. कोरडा 13.5 ग्रॅम, पाण्यात 8.5 ग्रॅम भरला तर उत्तर 2.7, म्हणजे बेरिल असू शकतं. अ‍ॅपोफिलाइट 2.35च्या आसपास येतो, फ्लुओराइट 3.18, तुरमली 3च्या वर. गारगोटी मात्र 2.65, म्हणजे फार जवळ. तिथं पुन्हा रेघांकडे यावं लागतं.

श्वासाची युक्ती हिऱ्याची आहे. हिऱ्यातून उष्णता फार वेगानं पसरते म्हणून वाफ टिकत नाही. बेरिलमध्ये तो गुण नाही. हाताला खडा गार लागतो, हे मजकुरात नसलं तरी लोक सांगतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे: काचेपेक्षा स्फटिक किंचित गार लागतात. पण गारगोटीही तशीच लागते. दुधाबद्दल एवढंच, की हिरव्या बाटलीचा तुकडा टाकून बघा.

आत रेघ दिसली तर खोटा, हा मुद्दा सगळ्यांत जास्त नुकसान करणारा. नैसर्गिक पाचूत भेगा, जाळी, अभ्रकाचे कण असणं हेच सर्वसाधारण आहे. मोठा, गडद आणि आत काहीच नसलेला खडा स्वस्तात मिळत असेल तर सावध व्हायचं. उलट नियमही, म्हणजे रेघ दिसली की खरा, चालत नाही: वितळलेल्या क्षारात वाढवलेल्या कृत्रिम पाचूत ओढणीसारखे पदर दिसतात, काचेच्या नकली खड्यात बुडबुडे दिसतात. शिवाय पैलू पाडलेल्या बऱ्याच पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं. माझ्या मावशीनं अंगठी गरम साबणाच्या पाण्यात घासून धुतली, तेल निघून गेलं, खडा पांढुरका झाला आणि रेघा उघड्या पडल्या. हाच मजकूर वाचून तिला वाटलं आपण फसलो, ती खडा टाकून द्यायला निघाली होती. रत्नपरीक्षेत तो नैसर्गिक निघाला.

किरणोत्सर्गाचा इशारा. बेरिल 2023 पर्यंत खाणकायद्याच्या अणुखनिजांच्या यादीत होतं, हे बरोबर. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं ते लिथियम, टायटॅनियम वगैरेंसोबत त्या यादीतून निघालं. पण यादीत असण्याचं कारण किरणोत्सर्ग नव्हतं. बेरिलियम न्यूट्रॉन परतवतं, त्यामुळे अणुभट्टीला ते उपयोगी पडतं. 1932 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला तोही बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करूनच. स्फटिक स्वतः किरणोत्सर्गी नाही. खरा धोका मजकुरात नाहीच: बेरिलची धूळ. बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून बेरिल कोरडं घासू, कापू किंवा ग्राइंडरवर धरू नये. कपाटातला स्फटिक हातात घेऊन बघायला काही हरकत नाही.

राहिला भोवतीचा दगड. तो फोडू नका. राजस्थानचा पाचू अभ्रकी शिस्टमध्ये रुतलेला असेल तर तो शिस्टच त्याचं गाव सांगतो. सुटा झाला की उरतो भेगाळलेला हिरवा तुकडा, आणि पैलू पाडण्याजोगं त्यात बहुधा काही नसतं. उलट बाजूनं फसवणूकही होते: काच किंवा हलकं बेरिल अभ्रकाच्या चुऱ्यात डिंकानं बसवून विकतात. सांधा भिंगाखाली बघा, अंधारात अतिनील टॉर्च मारा. बरेच डिंक निळसर-पांढरे उजळतात. नमुना खरा वाटला तर घरी आणल्याच दिवशी चिठ्ठी लिहून त्याच्याबरोबर डबीत ठेवा: खनिज, गाव, जिल्हा, कोणाकडून, कधी. माझ्याकडे कपची उडालेला तो अ‍ॅक्वामरीन अजून आहे. त्याच्या चिठ्ठीवर फक्त माझं नाव आणि तारीख आहे. विकणाऱ्याला गाव विचारायचं तेव्हा मला सुचलं नव्हतं, आणि आता ते कुठल्याही चाचणीनं कळणार नाही.